भरू न दिलेली जखम

“माझ्या नवऱ्याची जखम कोणीतरी भरू देत नाहीये,” फोनवर एक बाई सांगत होती. “उद्या सकाळी पाय कापणार आहेत. त्याआधी या.”

हवालदारांनी रिसिव्हरवर हात ठेवला. “मॅडम, नवऱ्याची जखम भरत नाही म्हणे. अंगाची की मनाची, विचारू?”

इन्स्पेक्टरबाईंनी फोन त्यांच्या हातून काढून घेतला. समोर दोन शेजारी गाडी लावण्याच्या जागेवरून सकाळपासून एकमेकांचं खानदान काढत बसले होते, त्यामुळे बाईंचं डोकं आधीच तापलेलं होतं. पण फोनवरचा आवाज त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. रडक्या आवाजाचे फोन त्यांना रोजचेच होते. हा आवाज रडका नव्हता. म्हणूनच त्या उठल्या.

घर शहराच्या जुन्या भागात, तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत पलंगावर एक भारदस्त गृहस्थ उशीवर पाय ठेवून पडले होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. विद्यार्थी म्हणत, शेजारी म्हणत, बायकोसुद्धा म्हणे. सर सोन्याचे कण बनवत. इतके बारीक, की चांगल्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देत नाहीत. डोळ्यांच्या काही आजारांत पडद्यामागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, शेतात तण माजावं तशा, आणि माणसाची नजर जाते. सरांचे कण त्या रक्तवाहिन्या फुटूच देत नसत. भिंतभर त्यांचे सत्काराचे फोटो होते. हा मोठा माणूस प्रयोगशाळेच्या जिन्यावरून घसरला आणि नडगी मोडून बसला. हाड सांधलं. वरची जखम मात्र काही केल्या भरेना.

“तुमचा कोणावर संशय?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

“संशय कसला! बायकोला काहीही सुचतं. जखम चिघळलीय, बस.”

“तपासणीत जंतू सापडले?”

“सापडतील.”

“पाय उद्या जाणार आहे, सर. कधी सापडणार?”

सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

तेवढ्यात रोजचं ड्रेसिंग करणारा ब्रदर आला. हसतमुख, गुबगुबीत, बोलका. सरांची बायको आतून सलाईनची बाटली घेऊन आली. पन्नाशीच्या या बाईंना सगळे वहिनी म्हणत. बाटली त्यांनी दोन्ही तळव्यांत धरली होती. “गार पाणी लागलं की हे ओरडतात, म्हणून कोमट करून देते,” त्या म्हणाल्या. मग डोळा मिटून त्यांनी बाटली क्षणभर पापणीला टेकवली आणि ब्रदरच्या हातात दिली. जागरणानं बिचारीचे डोळे चुरचुरत असणार, असं इन्स्पेक्टरबाईंना वाटलं.

ब्रदरनं पट्टी सोडली. जखम बघून हवालदारांनी नजर फिरवली. घाण नव्हती, पू नव्हता. उलट ती विचित्र स्वच्छ होती. फिकट, कोरडी, जणू कालच कोणी कापलीय आणि शरीराला त्याचा पत्ताच नाही. खाली हाड डोकावत होतं. काढलेल्या कापडावर मात्र निळसर जांभळा डाग होता.

“हे काय?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

“जांभळं औषध,” ब्रदर म्हणाला. “वहिनी लावतात ना.”

“मी?” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हीच लावता, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.”

“अहो, मी कशाला लावू? मी फक्त धुतो आणि बांधतो.”

“जांभळं औषधच आहे ते!” सर भिंतीकडेच बघत खेकसले. “कोणी लावलं यानं काय फरक पडतो?”

इन्स्पेक्टरबाईंनी ते कापड पिशवीत घालून घेतलं.

निघताना त्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या. “वहिनी, दिवसभर घरात कोण येतं-जातं?”

“सकाळी ब्रदर. दुपारी सोनार. म्हणजे खरा सोनार नव्हे, सरांच्या प्रयोगशाळेतला, सोन्याचे कण बनवतो म्हणून सगळे त्याला सोनार म्हणतात. येतो, उशाशी बसतो. सर गोळी घेऊन गाढ झोपलेले असतात. मीही जरा आडवी होते.”

“सरांच्या कामाबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?”

“मला त्यातलं अक्षर कळत नाही हो. मी आपली घर सांभाळते.”

फ्रीजवर एक छोटा फोटो होता. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई, हसताना दात झाकणारी.

“माझी ताई,” वहिनी म्हणाल्या. “आई लवकर गेली, हिनंच मला वाढवलं. आता हीपण गेली.”

सरांना दुपारी भरती व्हायचं होतं. त्याआधी इन्स्पेक्टरबाईंनी हॉस्पिटलात सर्जनला गाठलं. सर्जन तरुण होता आणि पार वैतागला होता.

“रक्त ठीक, साखर ठीक, जंतू नाहीत,” तो म्हणाला. “जखम भरायची तर तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात. यांच्या जखमेत एक फुटेल तर शपथ! हाड उघडं पडलंय. आता पाय ठेवला तर जीव जाईल.”

“जांभळं औषध तुम्ही लिहून दिलं होतं?”

“मी? ते घरचं कोणीतरी लावतं, असं मला वाटत होतं.”

हवालदार पुटपुटले, “जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय.”

सर्जननं कापडाच्या कोपऱ्यावर स्पिरिट ओतलं आणि चोळलं. जांभळं औषध असतं तर रंग सुटून बोटं माखली असती. डाग जागचा हलला नाही. सर्जननं पुन्हा चोळलं, मग कापड नाकाशी धरलं. त्याचा चेहरा बदलला होता.

“हे औषध नाही,” तो म्हणाला. “काय आहे, ते मला माहीत नाही.”

प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या हवालदारांना खुराड्याचा वास आला. तो भास नव्हता. काचेच्या उबदार कपाटात अंड्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. प्रत्येक अंड्याच्या कवचाला नखाएवढी चौकोनी खिडकी कापलेली, वरून पारदर्शक पट्टी. हे खातं जिच्याकडे होतं तिला इथे कोंबडीताई म्हणत, आणि ती स्वतःही फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देई.

“या, बघा,” तिनं एक अंडं दिव्याखाली धरलं. आत लालचुटूक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलं होतं. “हे साधं. आणि यात आम्ही सोन्याच्या कणांचा एक थेंब टाकलाय.” दुसऱ्या अंड्यात जाळ्याच्या मधोमध जागा कोरी होती. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या तिच्या कडेपर्यंत येऊन थांबल्या होत्या.

इन्स्पेक्टरबाई त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. सकाळी बघितलेली फिकट जखम त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

कोंबडीताईनं पुढच्या अंड्यासाठी कणांच्या लाल पाण्याची कुपी उचलली, तळव्यांत घोळवली आणि डोळा मिटून पापणीला टेकवली.

“डोळा दुखतोय का?”

“छे हो! ऊब बघते. बोटांना कळत नाही, पापणीला बरोबर कळतं. गार थेंब पडला तर पिल्लू मरतं ना. आम्हा अंडीवाल्यांना एकमेकांनी शिकवलेलं आहे हे. एकदा लागलेली सवय जन्मात सुटत नाही. घरी मी चहाचा कपसुद्धा पापणीला लावते. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटतात, आमच्या सूनबाईच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड आहे!”

हवालदार हसले. इन्स्पेक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “सोनार कुठे आहेत?”

सोनार पलीकडच्या खोलीत होता. किडकिडीत, चाळिशीतला, दाढी वाढलेला. त्यानं काही लपवाछपवी केली नाही.

“माझं आणि सरांचं भांडण आहे, हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“डोळ्यांच्या रुग्णांवर चाचणी चालू होती. त्यातल्या एका बाईंच्या पायाला खिळा लागला. साधा खिळा. जखम भरलीच नाही. पाय कापला, तरी त्या वाचल्या नाहीत. कण डोळ्यातून रक्तात उतरतात आणि जखम भरू देत नाहीत, असं मी सरांना सांगितलं. चाचणी थांबवा म्हटलं. सरांनी चौकशी समितीसमोर शपथेवर सांगितलं की, कणांचा जखमेशी काडीचा संबंध नाही, बाईंनी साखर सांभाळली नाही. मग कामातून माझं नाव उडवलं.”

“तरीही रोज दुपारी त्यांच्या उशाशी जाऊन बसता?”

“झोपलेले असतात म्हणून बसतो. जागे असतात तेव्हा बोलायची हिंमत होत नाही. एक दिवस होईल, असं वाटतं.”

“त्यांचं वाईट व्हावं, असं वाटतं?”

“वाटतं. खोटं कशाला बोलू?”

इन्स्पेक्टरबाईंनी कापड पुढे केलं. सोनारानं ते उजेडात धरलं आणि डागावरून नख फिरवलं.

“हे सोनं आहे,” तो म्हणाला. “मीठ लागलेलं सोनं.”

त्यानं टेबलावर कण बनवून दाखवले. काचेच्या भांड्यात माणकासारखं लाल पाणी तयार झालं. त्यात मिठाचं पाणी पडताच बघता बघता ते निळं-जांभळं झालं. “घामात, रक्तात, सलाईनमध्ये मीठ असतंच. कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो. सगळे चिकटायच्या आत काही जखमेत मुरतात. रोज टाकले, तर तेवढे पुरतात.”

“म्हणजे कण इथूनच गेले.”

“नाही!” त्यानं कपाटातली कुपी काढली, तिच्यात मिठाचं पाणी ओतलं. लाल रंग लालच राहिला. “आमच्या कणांवर आवरण असतं. ते निळे पडत नाहीत. मॅडम, मी केलं असतं तर डाग पडला नसता.”

“वा,” हवालदार म्हणाले, “म्हणजे कसं करायचं, याचा विचार झालेला आहे!”

सोनार कसनुसा हसला.

“बिनआवरणाचे कण कुठे मिळतात?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

“आत्ता तुमच्यासाठी बनवले, तेवढेच. आम्ही ठेवत नाही. एक मोठी बाटली सरांच्या घरी आहे, फ्रीजच्या दारात. पाहुणे आले की सर त्यांना ही लाल-निळी जादू दाखवतात.”

जिना उतरताना इन्स्पेक्टरबाई अर्ध्यावरच थांबल्या.

“हवालदार, या शहरात हा डाग बघताक्षणी ओळखेल असा पहिला माणूस कोण?”

“हा सोनार.”

“त्याच्या आधी?”

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्यांचा हात तसाच डोक्यावर राहिला. “अरे बापरे,” ते म्हणाले.

दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत सर पलंगावर होते. सर्जन, ब्रदर आणि सोनार भिंतीला लागून उभे होते. वहिनी खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून.

“सर,” इन्स्पेक्टरबाईंनी सुरुवात केली, “तुमच्या जखमेत रोज सोन्याचे कण टाकले जातायत. जीव जाईल असं विष नाही, म्हणून कुठल्या तपासणीत सापडलं नाही. फक्त जखम भरत नाही.”

ब्रदर एकदम पुढे आला. “मॅडम, देवाशपथ, मी...”

“तुम्ही नाही. तुम्ही टाकले असते तर डागाची पट्टी माझ्यासमोर सोडली नसती. सोनारांवर माझा संशय होता. राग होता, येणंजाणं होतं, माल होता. पण त्यांच्याकडचा माल डाग पाडत नाही. डाग पडला, म्हणजे कण घरच्या बाटलीतले होते. आता घरात कोण उरतं?”

“माझी बायको?” सर हसले. “तिला फ्रीजमधली ती बाटली औषधाची आहे की सरबताची, तेही कळत नाही.”

“त्यांनीही मला तसंच सांगितलं. अक्षर कळत नाही म्हणाल्या. पण आज सकाळी त्यांनी सलाईनची बाटली पापणीला टेकवून ऊब बघितली. ही सवय फक्त अंड्यांवर काम करणाऱ्यांना असते.” इन्स्पेक्टरबाई खिडकीकडे वळल्या. “वहिनी, अंड्यांना खिडक्या कापायला तुम्ही कधी शिकलात?”

वहिनींनी मान वर केली.

“लग्नाआधी,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या पहिल्या प्रयोगातली सगळी अंडी मी कापली होती. मी ह्यांची विद्यार्थिनी होते. लग्न झाल्यावर म्हणाले, एका घरात दोन शास्त्रज्ञ कशाला? ताई तेव्हा भांडली होती ह्यांच्याशी. मीच तिला गप्प केलं.”

सर बायकोकडे असे बघत होते, जणू घरातल्या कपाटाला वाचा फुटली होती.

“चाचणीतल्या ज्या बाईंचा पाय गेला,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, “त्या फ्रीजवरच्या फोटोतल्या, जाड चष्म्याच्या तुमच्या ताईच ना?”

“हो. ह्यांनीच तिला घेतलं चाचणीत. घरातलंच माणूस, नाही म्हणणार नाही म्हणून. तिचा पाय कापला त्या दिवशी मी ह्यांना विचारलं, कणांमुळे तर नाही ना? अंड्यात काय होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. हे म्हणाले, तुझ्या ताईनं काळजी घेतली नाही. ती मेली तेव्हाही तेच. लोकांना तेच सांगितलं, तिच्या मुलांनाही तेच सांगितलं.” वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आईसारखी होती ती मला! आणि हा माणूस तिलाच दोष देत फिरला!”

सर्जननं दार लोटून घेतलं.

“तुम्हाला आवरणाचं माहीत होतं,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. “डाग पडणार, हेही माहीत होतं.”

“मला डाग हवाच होता. रोज दुपारी सोनार गेला की मी झोपलेल्या ह्यांच्या पट्टीवर थेंब सोडायचे. सकाळी ब्रदर गेला की कापड ह्यांच्यासमोर धरून विचारायचे, हा डाग कसला हो? ह्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला. चेहरा पांढराफटक पडला होता. ‘हे सोनं आहे’ एवढंच म्हणायचं होतं, मी तिथेच थांबवलं असतं. पण म्हणाले, जांभळं औषध. रोज तेच. सोनारावर ह्यांचा संशय, तरी तोंडात मिठाची गुळणी! कारण कणांनी जखम भरत नाही असं एकदा बोलले की ताईला कोणी मारलं, ते जगाला कळतं. पाय जाऊ देणार होते, पण ते बोलणार नव्हते. म्हणून तुम्हाला फोन केला.”

“आणि त्यांनी तोंड उघडलंच नसतं तर?”

“तर पाय गेला असता. ताईचाही गेला होता.”

इन्स्पेक्टरबाईंना या बाईची भीती वाटली, आणि पलंगावरच्या माणसाची किळस आली. किळस जास्त होती.

सर्जननं सोनाराला विचारलं, “आज थांबवलं, तर जखम भरेल?”

“भरेल. अंड्यातसुद्धा कण थांबवले की जाळं पुन्हा फुटतं.”

“मग मी पाय वाचवायचा प्रयत्न करतो. पण नुसतं तोंडी सांगून चालणार नाही, मला कारण लेखी पाहिजे. उद्या कोणी विचारलं तर मी काय दाखवू?”

इन्स्पेक्टरबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. “सर, तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत. जंतूंची गोष्ट धरून बसायचं असेल तर बसा. मग हा गुन्हाच नाही, उद्या पाय जाईल आणि वहिनी घरी जातील. नाहीतर जबाब द्या. पण त्या जबाबात हे कण काय करतात, ते तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. पोलिसांसमोर त्या जे बोलल्या ते कोर्टात चालत नाही; तुमच्या शब्दाखेरीज त्यांच्यावरचा आरोप टिकणार नाही.”

सरांनी बायकोकडे बघितलं. तिनं नजर चुकवली नाही. सत्कार, चाचणी, खुर्ची, सगळं एका बाजूला होतं आणि ही दुसऱ्या बाजूला. पाय वाचावा असं त्यांना वाटत असेल, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. तिथे नुसता संताप होता. जिला वर्षानुवर्षं खिजगणतीत धरलं नाही, तिनं आपल्याला रोज सकाळी खेळवलं, हे त्यांना सोसत नव्हतं.

“लिहून घ्या,” ते दातओठ खात म्हणाले. “माझ्या बायकोनं जाणूनबुजून माझ्या जखमेत कण टाकले. तिला सोडू नका. जन्मभर सडू द्या.”

“हे कण काय करतात?”

“रक्तवाहिन्या फुटू देत नाहीत. जखम भरू देत नाहीत.”

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

वहिनी पुढे वाकल्या.

“कधीपासून, सर?” इन्स्पेक्टरबाईंनी पुन्हा विचारलं.

“चाचणी सुरू होण्याआधीपासून.”

सोनारानं हातांनी तोंड झाकलं. हवालदार भराभर लिहीत होते. “एका महिला रुग्णाच्या मृत्यूबाबत...” त्यांनी लिहिता लिहिता वाचलं.

“रुग्ण नका लिहू,” वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या, पलंगाशी आल्या. “बायकोची थोरली बहीण, असं लिहा. आणि तिनं काळजी घेतली होती, हेही लिहा.”

हवालदारांनी इन्स्पेक्टरबाईंकडे बघितलं. बाईंनी सरांकडे बघितलं.

“बरोबर आहे का, सर?”

“घेतली होती,” सर म्हणाले.

कागद त्यांच्यासमोर धरला गेला. वहिनींनी हवालदारांच्या हातातलं पेन घेऊन नवऱ्याला दिलं आणि सही पूर्ण होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग त्यांनी दोन्ही हात इन्स्पेक्टरबाईंपुढे केले.

“आता चला,” त्या म्हणाल्या.